साक्षीदार कोण?

रझियाबाई इनामदारांपुढे एखाद्या शब्दाचं मूळ सांगायला जाणं म्हणजे पिंजऱ्यात उभं राहणं होतं. तुम्ही कितीही रंगवून सांगा, बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "साक्षीदार कोण?" म्हणजे कुठल्या जुन्या पोथीत, कुणाच्या लिहिण्यात हा शब्द तसा सापडतो, ते दाखवा. दाखवता आलं नाही तर त्यांच्या लेखी तुम्ही अफवा पसरवत होतात. मी बऱ्याचदा पसरवायचे, आणि आनंदानं पसरवायचे.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एकीत माझे जर्मनचे वर्ग, दुसरीत बाईंचे नॉर्वेजियनचे. मध्ये प्लायवूडची भिंत. तिला भिंत म्हणणं हा घरमालकाचा विनोद होता. माझ्या वर्गात हशा पिकला की पलीकडून डस्टर आपटल्याचा आवाज यायचा. मला गोष्टी आवडतात. गोष्ट जोडली की शब्द पोरांच्या डोक्यात बसतो, असं माझं मत. बाईंचं मत असं, की गोष्ट बसते आणि शब्द उठून जातो.

त्यांचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. त्यामुळे बाईंनी नॉर्वेत, बर्गनला, कित्येक वर्षं काढली होती. यजमान गेल्यावर त्या गंज पेठेतल्या माहेरच्या घरी परत आल्या आणि रोज सकाळी बसनं कोथरूडला यायला लागल्या. बारीक अंगकाठी, फिक्या रंगाची सुती साडी, मनगटावर घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. खडू रुमालात गुंडाळून धरायच्या. चहा बिनसाखरेचा. एकदा मी आग्रह केला तर म्हणाल्या, "साखर घातली की चहा कसा झालाय ते कळत नाही, अहो. चांगला झालाय असंच वाटत राहतं." चहा मी केलेला होता.

त्या रूक्ष होत्या असं मात्र कुणी समजू नये. नव्या तुकडीला त्या पहिल्या दिवशी खिडकीचा शब्द शिकवायच्या. नॉर्वेच्या जुन्या भाषेत खिडकी म्हणजे 'विंदाउगा'. 'विंद' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. मग पोरांकडे बघून म्हणायच्या, "आपल्याकडे गवाक्ष. आपण गाईचा डोळा लावला, त्यांनी वाऱ्याचा. ज्याच्या दारात जे." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मी एकदा टोमणा मारला, "बाई, ही गोष्टच झाली की." तर तिथल्या तिथे म्हणाल्या, "झाली. पण हिला साक्षीदार आहेत. कधीही बोलवा, येतात."

आमचं खरं वाजलं ते 'यूरमूर'वरून.

नॉर्वेत सुईणीला यूरमूर म्हणतात. 'यूर' म्हणजे माती, भुई. 'मूर' म्हणजे आई. बाईंच्या वर्गात परदेशी निघालेल्या नर्स असायच्या, नवऱ्यामागे निघालेल्या नव्या मुली असायच्या. त्यांना या शब्दाचं भारी कौतुक. पूर्वी तिकडे बायका भुईवर बाळंत व्हायच्या, सुईण बाळाला मातीवरून उचलून घ्यायची, म्हणून ती मातीची आई. मी हे कुठंतरी वाचलं होतं आणि मधल्या सुट्टीत त्या मुलींना सांगून टाकलं. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या.

"मेधाताई, माझ्या वर्गात आपण काय वाटलंत?"

"काय वाटणार? एक शब्द सांगितला."

"तो आता पुसायला मला आठवडा लागेल." आत येऊन त्या बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. जुन्या नॉर्समध्ये 'योद' असा एक शब्द होता, अर्थ नुकतं जन्मलेलं मूल. काही जाणकारांच्या मते मूळ शब्द त्या योदवरून आला. पुढं योद बोलण्यातून गेला, लोकांना तो कळेना, आणि कानाला जवळचा जो शब्द सापडला तो त्यांनी तिथं बसवला. "आपल्या सुईणीचं बघा. माझ्या वर्गातल्या इंजिनिअरना वाटतं, ती सुईनं टाके घालते म्हणून सुईण. सुईचा काही संबंध नाही. प्रसूतीतला 'सू' आहे तो. संस्कृत विसरलं की माणूस सुई शोधतो."

"मग योदच खरं?"

"तेही नक्की नाही. माहीत नाही असं सांगायचं."

"मुलांना 'माहीत नाही' कसं सांगायचं, बाई?"

"तोंड उघडून."

माझं डोकं सणकलं होतं. इतक्या सुंदर गोष्टीवर ही बाई बोळा फिरवते, आणि त्याजागी देते काय, तर 'माहीत नाही'.

त्या वर्गात सायली नावाची मुलगी होती. लग्न होऊन दोन महिने झालेले, नवरा नॉर्वेच्या एका लहानशा गावी नोकरीला, व्हिसाची वाट बघत भाषा शिकत होती. तिची आई, सुनंदाकाकू, जवळच राहायच्या आणि पाऊस असला की छत्री घेऊन लेकीला न्यायला यायच्या. काकू विधवा, एकुलती एक लेक. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कुणाला घाबरायची सवय नव्हती. लेकीकडून त्यांनी यूरमूरची भानगड ऐकली आणि वर्ग सुटल्यावर सरळ बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला साक्षीदार पाहिजे ना? मी आहे. खडकवासल्याच्या पलीकडं आमचं गाव. माझा जन्म भुईवर झालाय. आमच्या सुईणीनं मला शेणानं सारवलेल्या जमिनीवरून उचललंय. आईनं शंभरदा सांगितलंय."

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "आपली साक्ष खडकवासल्याची. गुन्हा घडला नॉर्वेत."

मला वाटलं, आता पेटणार. पण काकू खळखळून हसल्या. "बरोबर आहे. पण एक लक्षात ठेवा, बाई. भुईवर पडलेल्याला उचलायला कुणीतरी लागतंच. मग शब्द कुठूनही आला असू दे."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि काकूंकडे नीट बघून घेतलं.

हा काटेकोरपणा कुठून आला, ते मला पुढं कळलं. बाई कागदपत्रांची भाषांतरं करायच्या, कधी डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये फोनवर दुभाषी म्हणून बसायच्या. वर्गातल्या नर्सना त्या सांगायच्या, "मधला माणूस म्हणजे खिडकीची काच. काचेला मत नसतं. वाईट बातमी असेल तर वाईट, शिवी असेल तर शिवी, जशीच्या तशी पलीकडे द्यायची." एकदा एका मुलीनं विचारलं, समोरचा माणूस खचून जाणार असेल तरी? बाई म्हणाल्या, "तो खचेल की नाही हे तू कोण ठरवणार?" त्या मुलीची मला दया आली, म्हणून वर्ग संपल्यावर मी बाईंशी भांडायला गेले. तेव्हा त्यांनी अब्बांची गोष्ट सांगितली.

अब्बा कोर्टात दुभाषी होते. एका चोरीच्या खटल्यात एक म्हातारी साक्षीला आली. ती दखनी बोलायची. घाबरून चळचळा कापत होती, वकील तिला फाडून खात होता. ती आरोपीकडे बघून म्हणाली, मला वाटतं हाच होता. अब्बांना तिची दया आली. तिची लवकर सुटका व्हावी म्हणून त्यांनी मराठीत सांगितलं, हाच होता. एक 'वाटतं' गळून गेलं. तो माणूस येरवड्याला गेला.

"त्यानं चोरी केली होती?" मी विचारलं.

"माहीत नाही. अब्बांना मरेपर्यंत माहीत नव्हतं." बाईंनी घड्याळ मनगटावर फिरवून नीट केलं. "येरवड्यावरून बस जायला लागली की ते डोळे मिटून घ्यायचे. चांगल्या मनानं केलं होतं, मेधाताई. तेच तर वाईट."

त्यानंतर मी यूरमूरची गोष्ट कुणाला सांगितली नाही. पटली नाही म्हणून नव्हे, बाईंसाठी.

व्हिसा आला आणि सायली नॉर्वेला गेली. दुसऱ्या हिवाळ्यात तिला दिवस भरत आले होते. काकूंचं तिकीट बाळंतपणाच्या आधी पंधरवड्याचं काढलेलं होतं, बॅगेत डिंकाचे लाडू भरून झाले होते. आणि बाळानं तिकिटाकडं न बघता तीन आठवडे आधीच घाई केली.

त्या दिवशी आमच्या सकाळच्या तुकड्या नुकत्याच सुटल्या होत्या. काकू फोन हातात घेऊन पळतच आल्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "बाई, पोर दवाखान्यात एकटी आहे. जावई दुसऱ्या गावाला, घाटात बर्फ पडून रस्ता बंद. तिथल्या बायका तिच्याशी इंग्रजीत बोलतात, पण आपसात त्यांच्या भाषेत बोलतात. तिला ते कळत नाही आणि मला तर काहीच कळत नाही. तुम्ही बसा. मला सगळं सांगा. लपवायचं नाही."

"मी लपवत नाही," बाई म्हणाल्या. "आपल्याला माहीत आहे."

फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवला. तिकडे सायलीनं तिचा फोन उशाशी उभा केला होता. तिचा अर्धा चेहरा, पलंगाची कड आणि मागे एक खिडकी एवढंच दिसत होतं. आमच्याकडे दुपारचं ऊन होतं आणि त्यांच्या खिडकीत अजून काळोख. सायलीनं विचारलं, "बाई आल्या का?" बाई म्हणाल्या, "आहे मी." मग त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला. त्यांना मी कधी कुणाला हात लावताना बघितलं नव्हतं.

तिथली सुईण वयस्कर होती, आवाज जाडाभरडा. ती जे म्हणेल ते बाई लगेच मराठीत सांगत होत्या. "वेन्त." बाई म्हणायच्या, "थांब म्हणतेय." "प्रेस." "जोर लाव म्हणतेय." "पुस्त, पुस्त." "श्वास घे, श्वास घे." हे पुस्त इतक्यांदा आलं की थोड्या वेळानं काकूच बाईंच्या आधी पुटपुटायला लागल्या, "श्वास घे गं बाळा, श्वास घे." त्या सुइणीनं सहकारी मुलीला काही सांगितलं की बाई तेही सांगायच्या. टॉवेल आण. दिवा जरा खाली कर. बाळाचे ठोके मंद वाटतायत. हे ऐकून काकूंचा चेहरा पांढरा पडला. मी बाईंकडे रागानं पाहिलं. एवढं सांगायची काय गरज होती? बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

वेळ किती गेला, कुणास ठाऊक. दुपारच्या तुकडीची मुलं दाराशी आली, मी त्यांना हातानंच परत पाठवलं. सायलीचं ओरडणं ऐकवत नव्हतं. काकू बाईंचा हात पिळत होत्या आणि बाईंचा आवाज मात्र जराही बदलत नव्हता. "डोकं दिसतंय म्हणतेय. आता जोर नको म्हणतेय. आता लाव म्हणतेय. आलं म्हणतेय. मुलगा आहे म्हणतेय."

काकूंनी हात जोडायला हात सोडवून घेतला, आणि तसाच अर्ध्यात थांबवला. रडणं ऐकू येत नव्हतं.

फोनमधून पावलांचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी ओढलं. सायली म्हणाली, "काय झालं? बाई, काय झालं?" तिच्या चेहऱ्यापलीकडे पांढरे कपडे हलत होते, बाळ दिसत नव्हतं. मग ती वयस्कर सुईण कुणाला तरी घाईनं म्हणाली, अगदी स्पष्ट:

"हान पुस्तर इक्के."

जर्मनमध्ये फुंकर घालायला पुस्टन म्हणतात. मला नॉर्वेजियन येत नाही, पण हे तीन शब्द कळायला ती यावी लागत नव्हती. तो श्वास घेत नाहीये. मी बाईंकडे बघितलं.

नेहमी शुद्ध बोलणाऱ्या काकूंच्या तोंडी एकदम गावाकडचं आलं. "काय म्हनली ती? बाई, काय म्हनली?"

बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगणार. माझ्या मनात आलं, देवा, या बाईला आज एकदा तरी मुकी कर.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, मी काय इचारते—"

"आवाज तुटला. ऐकू आलं नाही." आणि त्यांनी काकूंचा हात पुन्हा धरला. फोनकडे वळून त्या सायलीला म्हणाल्या, "सायली, माझ्याकडे बघ. ती तिचं काम करतेय. तू माझ्याकडे बघ."

हे कुणी म्हटलेलं नव्हतं. हे बाईंचं स्वतःचं होतं.

आम्ही तिघी बायका त्या लहानशा पडद्याकडे बघत बसलो. पलीकडे त्या खिडकीत आता राखाडी उजेड आला होता. कुणीच काही भाषांतर करत नव्हतं. आणि मग, आधी मांजरीच्या पिलासारखा एक बारीक आवाज, आणि त्यामागून सणसणीत भोकाड.

काकू खुर्चीतून खाली घसरल्या आणि फरशीवर बसून रडायला लागल्या. मीही रडले. बाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, बोर्डावरचं सकाळचं लिहिलेलं सगळं नीट पुसून काढलं, खडू रुमालात बांधला. मग काकूंसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"सुनंदाताई, मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली होती, तो श्वास घेत नाहीये. आपण लपवू नका म्हणाला होतात, मी लपवलं. मी खोटं बोलले."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "ठाऊक आहे मला. मघापासून पुस्त पुस्त ऐकतेय. आणि इक्के म्हणजे नाही, हे तर पोरगी घरात दिवसभर म्हणायची. भाजी इक्के, पोळी इक्के. मला कळलं होतं, बाई."

"मग विचारलंत का?"

"तुम्ही 'तसं काही नाही' म्हणावं म्हणून."

बाईंचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मला सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढून पिशवीत टाकला आणि चष्म्याशिवायच बससाठी निघाल्या. मी मागं धावत जाऊन तो पिशवीतून काढून त्यांना घातला.

त्या महिन्यापासून बाईंनी दुभाषाचं काम बंद केलं. वर्ग चालू ठेवले, पण फोन आला की "आता करत नाही" एवढंच सांगायच्या. मी वैतागले. म्हटलं, बाई, पोर वाचलं ना?

"ते त्या सुइणीनं वाचवलं. माझ्या खोट्यानं नाही," त्या म्हणाल्या. "अब्बा एकदा घसरले, माणूस आत गेला. मी एकदा घसरले, सगळं गोड झालं. म्हणून माझं खोटं अब्बांच्या खोट्यापेक्षा चांगलं होतं का? आणि वाईट सांगू? पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. अशा माणसानं त्या खुर्चीत बसू नये."

त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटतं.

उन्हाळ्यात सायली बाळाला घेऊन आली. काकूंनी बाईंना आणि मला घरी जेवायला बोलावलं. बाईंचे गुडघे तोवर फार दुखायला लागले होते, जिना चढतानाच दोनदा थांबल्या. बाळासाठी त्यांनी झबलं आणलं होतं. पण बाळाला मात्र त्यांनी हात लावला नाही. सायलीनं दोनदा पुढे केलं, दोनदा बाई म्हणाल्या, "झोपेल आता." खोलीत सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. सायली हिरमुसली. मला तर बाईंचा रागच आला.

बाळाला जमिनीवर गोधडी टाकून त्यावर ठेवलं होतं. आम्ही पानं घ्यायला आत गेलो, बाई बाहेर खुर्चीत. एकाएकी बाहेरून बाळाचं हुंदके देत रडणं ऐकू आलं आणि मध्येच ते बंद पडलं. मी, सायली आणि काकू एकदम दारात आलो.

बाळ पालथं पडून गोधडीवरून फरशीवर गेलं होतं, नाक खाली. आणि ज्यांना गुडघा वाकवून जिन्याच्या पायरीवरही बसता येत नव्हतं त्या बाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. ते एकदम गप्प होतं, रडता रडता श्वास धरून बसतात तसं, तोंड उघडं, आवाज नाही. बाईंनी कान त्याच्या तोंडाशी नेला. कुणी पुढं गेलं नाही. मग बाळानं दम घेतला आणि त्यांच्या कानातच भोकाड पसरलं.

"आता तरी साक्ष धरा," काकू दारातून म्हणाल्या. "भुईवरून उचललंत त्याला. माझ्यादेखत."

"एका घटनेवरून व्युत्पत्ती होत नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांनी बाळाला खाली ठेवलं नाही. कितीतरी वेळ त्याच्या छातीशी कान लावून तशाच फरशीवर बसून राहिल्या. पावसाळा सरता सरता बाई गेल्या, आणि आता त्यांची आठवण आली की मला त्या अशाच दिसतात, साडीचा पदर फरशीवर पडलेला, चष्मा कपाळावर.

त्या दिवशी फरशीवर बसल्या बसल्या त्या हळूच, कुणाला सांगावं तसं नव्हे, म्हणाल्या, "हान पुस्तर."

काय म्हणालात, असं काकूंनी विचारलं नाही. त्यांना ते दोन शब्द येत होते.